पदविकेच्या वर्गातल्या बाई

चौफुल्याहून शिरूरला जाणारा रस्ता केडगावातून पुढे निघतो, पारगावपाशी भीमा ओलांडतो आणि न्हावऱ्यावरून घोडनदीकाठी पोचतो. दौंड आणि शिरूर या पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांना जोडणारा हा रस्ता. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. शिरूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पाबळ आहे; तिथे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. बारावीनंतरच्या दोन-तीन वर्षांच्या शिक्षणात शिकवणाऱ्या स्त्रिया कोणत्या देशात किती आहेत, हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्याची सुरुवात युनेस्कोच्या तक्त्यांपासून करता आली असती. ती या रस्त्यापासून केली, कारण शिकवणाऱ्या बाईला कोण तयार करणार, तिला पगार किती देणार आणि ती राहणार कुठे, हे प्रश्न मराठी मुलखात ज्या बाईने १८८२ सालीच सरकारपुढे मांडले, तिचे, म्हणजे रमाबाईंचे, उत्तरायुष्य याच दौंड तालुक्यात गेले.

१८८२ साली हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करत पुण्याला आला, तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्या होत्या. नवरा त्याच वर्षी गेलेला, पदरी लहान मनोरमा. आर्य महिला समाजाची स्थापना करून त्या नुकत्याच पुण्यात रुजत होत्या. आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळा काढा, एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना शिष्यवृत्ती द्या, त्यांना स्वतःची भाषा नीट येईल आणि इंग्रजीही येईल असे शिकवा, त्यांच्या राहण्याची सोय विद्यालयाच्या आवारातच करा, त्यांचा पगार पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त ठेवा, आणि मुलींच्या शाळा तपासायला स्त्री निरीक्षक नेमा, अशा त्यांच्या सूचना होत्या. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, हीही मागणी त्यांनी याच साक्षीत केली.

या साक्षीचा उल्लेख आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात होतो, पण बहुधा गौरवापुरता. तिच्यातला व्यवहार फारसा कोणी पाहत नाही. शिक्षिका वाढाव्यात असे म्हणणारे १८८२ सालीही पुष्कळ होते. रमाबाईंनी वाढ कशावर अवलंबून आहे ते सांगितले: शिकायला पैसा, राहायला सुरक्षित जागा, घर सोडून येण्याजोगा पगार, आणि वरच्या पदावर जाण्याची वाट. आज एखाद्या देशातल्या शिक्षिकांची संख्या का वाढली किंवा का अडली, हे शोधायला बसलो तर हात याच चार गोष्टींपाशी जातो. पुढल्या सगळ्या तुलनेत मी ही साक्ष मोजपट्टीसारखी वापरली आहे.

रमाबाईंनी देशादेशांची तुलनाही केली होती. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ फिरल्या. परतल्यावर १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक निघाले. तिथल्या बायका काय शिकतात, काय शिकवतात, कोणती कामे करतात, हे त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवले, आणि ते ठेवताना इकडच्या स्थितीवरची नजर कधी काढली नाही. त्याच वर्षी मुंबईत त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. काही वर्षांतच तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. विणकाम, शेती, छापखाना, दुग्धालय, अंध स्त्रियांसाठी ब्रेल. आधी आलेल्या मुली मागून आलेल्यांना शिकवत. कुठल्याही शिक्षणखात्याच्या तक्त्यात त्या शिक्षिका म्हणून बसल्या नसत्या.

तक्त्यात कोण बसते आणि कोण नाही, हा आजही या विषयातला पहिला अडथळा आहे. म्हणून आधी मांडणी समजून घेऊ.

प्रत्येक देशाची शिक्षणव्यवस्था वेगळी. त्यांची तुलना करता यावी म्हणून युनेस्कोने शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण केले आहे. त्याला इस्केड म्हणतात. सध्या चालू असलेली आवृत्ती युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने २०११ साली मंजूर केली. तिच्यात शून्य ते आठ असे स्तर आहेत. शून्य म्हणजे बालवाडी, आठ म्हणजे पीएच.डी. सहावा स्तर पदवीचा, सातवा पदव्युत्तर. आपला विषय आहे पाचवा स्तर: उच्च माध्यमिक पूर्ण केल्यावरचे, साधारण किमान दोन वर्षांचे, एखाद्या व्यवसायाकडे नेणारे आणि पदवीपेक्षा छोटे शिक्षण. आकडे गोळा करण्याचे काम मॉन्ट्रियलची युनेस्को सांख्यिकी संस्था करते, आणि देश जे भरून पाठवतात त्यावर ती अवलंबून असते.

आता हा पाचवा स्तर शिरूर-दौंडला लावून पाहा. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय किंवा दौंडचे किसनदास गुलाबचंद कटारिया महाविद्यालय पदवीचे शिक्षण देते, म्हणून तिथले प्राध्यापक सहाव्या स्तरात जातील. बारावी विज्ञाननंतरचा दोन वर्षांचा डी.फार्म. मात्र पाचव्या स्तराची व्याख्या जवळजवळ शब्दशः पाळतो. तसाच बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड., ज्याला गावात अजून सगळे डी.एड.च म्हणतात. जीएनएम नर्सिंग तीन वर्षांचे आणि बारावीनंतरचे, तेही जवळचे. पण पॉलिटेक्निकचे काय? आपल्याकडचा अभियांत्रिकी डिप्लोमा दहावीनंतर सुरू होतो आणि तीन वर्षे चालतो. म्हणजे त्यातली पहिली दोन वर्षे वयाने अकरावी-बारावीची आहेत आणि फक्त शेवटचे वर्ष बारावीच्या पुढचे. भारत सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात पॉलिटेक्निक उच्च शिक्षणात मोजले जाते. आंतरराष्ट्रीय नियम मात्र उच्च माध्यमिक पूर्ण झाल्याची अट घालतो. आयटीआय त्या सर्वेक्षणात येतच नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एकाच यंत्रावर काम करणारे दोन तरुण, एक आयटीआयचा आणि एक डिप्लोमाचा. त्यांपैकी डिप्लोमावाल्याचे गुरू उच्च शिक्षणाचे शिक्षक ठरतात आणि दुसऱ्याचे शिल्पनिदेशक कुठेतरी दुसऱ्याच खात्याच्या वहीत राहतात.

पाबळ तर सगळ्याच चौकटींच्या बाहेर आहे. कलबाग अन्नतंत्रज्ञ होते, हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते पाबळला आले. शाळेत मार्कांनी मागे राहिलेल्या मुलांची बुद्धी हाताने काम करताना उजळते, हा त्यांचा विश्वास होता आणि त्यावर त्यांनी आयुष्य लावले. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम निवासी आहे आणि एका वर्षाचा आहे. त्यात वर्कशॉप आहे, शेती आणि पशुपालन आहे, ऊर्जा-पर्यावरण आहे, गृह आणि आरोग्य आहे. बारावीची अट नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब उभी राहिली, तेव्हा एमआयटीच्या बाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना झाली. जगभरचे अभियंते ज्या गावी शिकायला येतात, तिथला अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि बारावीची अट नसलेला म्हणून पाचव्या स्तरात बसत नाही, आणि तिथे रक्तगट तपासायला, पापड-लोणच्याचा हिशेब करायला किंवा वेल्डिंग करायला शिकवणारी बाई जगाच्या कोणत्याही तक्त्यात उच्च शिक्षणाची शिक्षिका होत नाही. वर्गीकरण करणाऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. रेघ कुठे मारली आहे ते आकडा वाचणाऱ्याला माहीत हवे, इतकेच.

आता देशांकडे जाऊ. मी सर्वांत जास्त वेळ जपानपाशी थांबणार आहे, कारण महाराष्ट्राला तिथे आपले रूप सर्वांत स्पष्ट दिसते.

जपानमध्ये पाचव्या स्तरात मुख्यतः तीन प्रकारच्या संस्था येतात. एक, तान्दाई, म्हणजे दोन-तीन वर्षांची लघु महाविद्यालये. दुसरी, कोसेन, म्हणजे १९६२ साली सुरू झालेली तांत्रिक महाविद्यालये. तिसरी, व्यवसाय शिकवणारी विशेष विद्यालये. तान्दाईत बहुसंख्य मुली. बालशिक्षण, पोषण, गृहशास्त्र, भाषा असे विषय. तिथल्या शिक्षकांत स्त्रिया निम्म्याहून थोड्या जास्त आहेत. कोसेनमध्ये पंधराव्या वर्षी, आपल्या दहावीच्या सुमाराला, मुले दाखल होतात आणि पाच वर्षे अभियांत्रिकी शिकतात; त्यातली शेवटची वर्षेच पाचव्या स्तरात येतात. तिथे शिक्षकांत स्त्रिया साधारण दहात एक. एकाच देशात, एकाच स्तरात, एकाच कायद्याखाली हा फरक आहे. जपानचा पाचव्या स्तराचा एकच सरासरी आकडा काढला, तर या दोन्ही जगांपैकी एकाचेही चित्र त्यात उरत नाही.

तान्दाईची पुढची हकीकत आणखी बोलकी आहे. १९९६ साली जपानमध्ये ५९८ तान्दाई होत्या. आज त्या जवळपास निम्म्यावर आल्या आहेत. मुली चार वर्षांच्या विद्यापीठांकडे वळल्या, जन्मदर घटला, आणि एकामागून एक तान्दाई बंद पडल्या किंवा विद्यापीठे झाल्या. म्हणजे पाचव्या स्तरातल्या शिक्षिकांची संख्या घटण्याचे एक कारण मुलींची प्रगती हेच होते. संख्या घटली म्हणून कोणी जपानी स्त्रियांची पीछेहाट झाली असे लिहिले, तर ते चूक. पण त्या बंद पडलेल्या संस्थांतल्या शिक्षिकांना विद्यापीठांत जागा मिळाली असेल असे गृहीत धरणेही चूक, कारण जपानच्या विद्यापीठांत स्त्री शिक्षकांचे प्रमाण अजून एक चतुर्थांशाच्या आसपासच घोटाळते आहे.

महाराष्ट्राने हेच दुसऱ्या कारणाने पाहिले. २०००नंतरच्या दशकात राज्यात डी.एड. विद्यालयांचे पीक आले. त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. बारावी झालेल्या मुलीला डी.एड.ला घाला, दोन वर्षांत जिल्हा परिषदेची नोकरी, हे गणित घरोघरी मांडले जात होते. लग्न जमवतानाही डी.एड. झालेल्या मुलीला मान होता. मग २०१२पासून शिक्षकभरती थांबली, २०१३पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली, आणि वर्ग ओस पडत गेले. विद्यालये बंद झाली. त्यांत शिकवणाऱ्यांना अध्यापकाचार्य म्हणतात. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि बहुतेक विनाअनुदानित संस्थांत होत्या. त्या गेल्या कुठे, याची नोंद कुठल्याही सर्वेक्षणात सापडणार नाही, कारण सर्वेक्षण आज कामावर असलेल्यांना मोजते. आता २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की २०३०पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता व्हावी. तसे झाले तर भारताच्या पाचव्या स्तरातला शिक्षिकांचा एक मोठा गट आकड्यांतून सरकून सहाव्या स्तरात जाईल. पदे तीच राहतील की नवी माणसे येतील, हे त्या वेळी विचारावे लागेल.

फ्रान्समध्ये गुंता निराळा आहे. तिथे बारावीनंतरचा दोन वर्षांचा बीटीएस हा अभ्यासक्रम बहुतांशी लिसेमध्ये, म्हणजे उच्च माध्यमिक शाळांतच चालतो, आणि तिथले शिक्षकही माध्यमिक विभागाचे असतात. नेमणूक शाळेची, तास उच्च शिक्षणाचे. त्यांना पाचव्या स्तरात धरायचे की तिसऱ्या? आपल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत डी.फार्म. आणि बी.फार्म. एकाच छताखाली असतात आणि एकच बाई सकाळी एका वर्गावर, दुपारी दुसऱ्या वर्गावर जाते, तिथे हाच प्रश्न येतो. फ्रान्सने १९६६ साली सुरू केलेल्या तंत्रसंस्थांमधली दोन वर्षांची पदविका २०२१पासून तीन वर्षांची पदवी झाली, म्हणजे तोही भाग वरच्या स्तरात गेला. जर्मनीत पाचवा स्तर जवळजवळ रिकामाच आहे. तिथले कारागिरीचे मास्टर प्रशिक्षण सहाव्या स्तराला जोडलेले आहे. जर्मनीच्या ओळीत शिक्षिकांचा आकडा नगण्य दिसला तर तो जर्मनीतल्या स्त्रियांबद्दल काहीच सांगत नाही.

अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजे ही या स्तराची मोठी आणि जुनी परंपरा. पहिले सार्वजनिक लघु महाविद्यालय इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली निघाले. कम्युनिटी कॉलेजांत आज शिक्षकांत स्त्रिया निम्म्याहून जास्त आहेत. पण तिथले बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ आहेत, सत्रापुरते नेमलेले. चीनमध्येही व्यावसायिक महाविद्यालयांत शिक्षिका निम्म्याच्या पुढे गेल्या आहेत. सौदी अरेबियात मुलींची तंत्रमहाविद्यालये वेगळी आहेत, त्यामुळे तिथे जितक्या मुली शिकतील तितकी शिक्षिकांची पदे निघतात. रमाबाईंच्या काळचा पुण्याचा युक्तिवाद हाच होता: मुलींना पुरुष मास्तरापुढे बसवणार नाहीत, म्हणून बाई हवी. वेगळेपणाच्या भिंतीमुळे निर्माण झालेली पदे आणि बरोबरीने मिळालेली पदे तक्त्यात सारखीच दिसतात.

भारताकडे येऊ. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, ज्याला महाविद्यालयांत सगळे ‘आयशे’ म्हणतात, २०१०-११पासून चालू आहे. २०२१-२२च्या फेरीत देशात उच्च शिक्षणाचे सुमारे १६ लाख शिक्षक होते आणि त्यांत स्त्रिया ४३.४ टक्के. शंभर पुरुष शिक्षकांमागे ७७ स्त्रिया. २०१४-१५ साली हेच प्रमाण ६३ होते. सात वर्षांतली ही वाढ खरी आहे आणि आनंदाची आहे. संपूर्ण जगात उच्च शिक्षणातल्या शिक्षिकांचे प्रमाण याच्याच आसपास आहे. बालवाडीत दहातल्या नऊहून जास्त, प्राथमिक शाळेत सुमारे दोन तृतीयांश, आणि उच्च शिक्षणात निम्म्याहून कमी अशी ही उतरंड जगभर दिसते. केरळ, पंजाब, गोवा अशा काही राज्यांत शिक्षिका शिक्षकांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

याच सर्वेक्षणाच्या आत शिरले की पदांची रांग दिसते. प्राध्यापक या सर्वांत वरच्या पदावर स्त्रियांचा वाटा सर्वांत कमी. खाली उतरावे तसा तो वाढत जातो, आणि डेमॉन्स्ट्रेटर-ट्यूटर या पायरीवर स्त्रिया पुरुषांहून अधिक. पदविकेच्या शिक्षणात ही खालची पायरीच जास्त रुंद असते. नर्सिंगच्या शाळेत सिस्टर ट्यूटर, पॉलिटेक्निकात अधिव्याख्याता, प्रयोगशाळेत सहायक. नर्सिंगमध्ये शिकवणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका. यंत्र अभियांत्रिकीच्या विभागात एखादी-दुसरी. जपानच्या तान्दाई आणि कोसेनची विभागणी आपल्याकडे एकाच तालुक्यात, कधी एकाच संस्थेच्या दोन इमारतींत भेटते. त्यामुळे भारताचा पाचव्या स्तराचा आकडा बघताना आधी विचारावे लागते की त्या वर्षी नर्सिंगच्या जागा वाढल्या की पॉलिटेक्निकच्या. शिक्षिकांचे प्रमाण वाढले याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की नर्सिंगचे वर्ग वाढले.

माझा मूळ मुद्दा इथे आहे. देशादेशांतली तुलना उपयोगी आहे, पण अभ्यासक्रमागणिक केली तरच. आणि तिच्यात नेमणुकीचा प्रकार धरला नाही, तर ती अर्धीच राहते.

आंतरराष्ट्रीय तक्त्यांत शिक्षक डोकी मोजून येतात. पूर्णवेळ असो की अर्धवेळ, एक माणूस म्हणजे एक. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना सीएचबी म्हणतात. जितके तास घेतले तितके मानधन. सुट्टीच्या महिन्यांत काही नाही, आजारपणात नाही, बाळंतपणात नाही, आणि मानधन येते तेही कित्येकदा काही महिन्यांनी एकत्र. एम.फार्म. किंवा एम.ई. झालेली, नेट-सेट झालेली मुलगी पुण्याहून दौंडला लोकलने किंवा शिरूरला एस.टी.ने अप-डाऊन करते. जाऊन-येऊन तीन-चार तास. लग्न झालेले असेल, मूल लहान असेल, तर हा प्रवास किती वर्षे टिकणार? टिकला नाही की तिची जागा दुसरी नवी मुलगी घेते, आणि सर्वेक्षणात शिक्षिकांची संख्या तीच राहते. दहा वर्षांत एका पदावरून पाच जणी येऊन गेल्या तरी आकडा एकच. पुरुषांचेही असे होते, हे खरे. पण घर आणि नोकरी यांपैकी एक सोडायची वेळ आली की कोण सोडते, हे आपल्या घरांना माहीत आहे.

रमाबाईंनी शिक्षिकांचा पगार पुरुषांपेक्षा जास्त मागितला होता, ते इथे आठवते. घराबाहेर पडून, लोकांचे बोलणे सोसून, परगावी राहून शिकवणाऱ्या बाईला जास्त किंमत मोजावी लागते. ती किंमत भरून निघण्याची वाट मला त्या मागणीत दिसते. आवारातच राहण्याची सोय ही त्यांची दुसरी मागणी तर आजच्या शिरूर-दौंडला जशीच्या तशी लागू पडते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहतींमुळे भाडी वाढली आहेत. एकट्या बाईला खोली मिळणे अजून सोपे नाही. तालुक्याच्या गावी शिक्षिकांसाठी वसतिगृह असणारी पदविका संस्था विरळाच. मुलींसाठी वसतिगृहे झाली. त्यांना शिकवणाऱ्या बाईने संध्याकाळची गाडी पकडायची, ही रीत आपण मान्य करून टाकली आहे.

आणि याचा परिणाम बाईपुरता राहत नाही. डिप्लोमाच्या वर्गातली मुलगी पंधरा-सोळा ते वीस या वयाची असते. न्हावरे, तळेगाव ढमढेरे, पाटस, यवत अशा गावांतून ती येते. तिच्या घरात याच वर्षांत लग्नाचा विषय निघतो. या वर्षांत वर्कशॉपमध्ये लेथजवळ उभी राहून शिकवणारी एक तरी बाई तिने पाहिली, तर यंत्रावर काम करणे हे आपलेही काम असू शकते हे तिला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. तास संपल्यावर थांबून घरच्यांशी बोलणारी, कंपनीतल्या मुलाखतीला जाताना काय विचारतील ते सांगणारी बाई तिला मिळायला हवी. पाच वाजून वीस मिनिटांच्या गाडीकडे डोळे लागलेल्या बाईला ते जमत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही.

शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत शिक्षकांविषयीचा जो निर्देशांक आहे, तो बालवाडीपासून उच्च माध्यमिकपर्यंत येऊन थांबतो. उच्च शिक्षणातल्या शिक्षकांच्या दर्जाविषयी युनेस्कोने १९९७ साली वेगळी शिफारस केली. तिच्यात नोकरीची शाश्वती आणि स्त्रियांना समान संधी या दोन्ही गोष्टी आहेत, पण ती देशांवर बंधनकारक नाही. पदविकेचे शिक्षण तर या दोन्हींच्या मधल्या फटीत राहते. शाळेच्या शिक्षकांकडे संघटना आहेत, विद्यापीठांच्या प्राध्यापकांकडे संघटना आहेत, खासगी डी.फार्म.च्या किंवा नर्सिंगच्या संस्थेत तासावर शिकवणाऱ्या बाईकडे काही नाही. म्हणून तिचा आकडा आधी नीट मोजला जाणे मला महत्त्वाचे वाटते.

पुढच्या तक्त्यांत जपानच्या दोन ओळी आहेत, तान्दाईची वेगळी आणि कोसेनची वेगळी. जर्मनीची ओळ मुद्दाम रिकामी ठेवली आहे आणि तिथे कारण लिहिले आहे. अमेरिकेपुढे पूर्णवेळ आणि अर्धवेळ असे दोन स्तंभ आहेत. भारतासाठी एक बेरीज दिलेली नाही; नर्सिंग, अध्यापक विद्यालये, औषधनिर्माणशास्त्र आणि पॉलिटेक्निक यांचा विचार वेगवेगळा केला आहे. शिरूर आणि दौंडमधल्या प्राचार्यांना एक विनंती आहे. दरवर्षी महाविद्यालयातला नोडल अधिकारी आयशेचा अर्ज भरतो, त्यात प्रत्येक शिक्षकाची माहिती जातेच. ती भरताना आपल्या दफ्तरी आणखी तीन रकाने ठेवा: नेमणूक कायम की तासिका, कुठून येतात, आणि आधीची बाई केव्हा आणि का सोडून गेली. दोन तालुक्यांच्या सगळ्या पदविका संस्थांनी हे पाच वर्षे केले तर जी वही तयार होईल, तिच्या तोडीची माहिती आज टोकियोच्या किंवा पॅरिसच्या तक्त्यांतही नाही.